फिबीचा घोडा आणि पितळी कडी

जे. डी. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’मधला मेरी-गो-राउंडचा प्रसंग शिकवताना दरवर्षी वर्ग अडायचा. लाकडी घोडे मुलांना कळत, बाकावर पावसात भिजणारा नायक होल्डनही कळे. पण त्याची धाकटी बहीण फिबी घोड्यावरून झुकून जी सोनेरी कडी पकडू बघते ती असते कुठे, हे काही केल्या कळत नसे. गाइडात ‘मोठं होण्याचं प्रतीक’ छापलेलं असे, तेच पेपरात उतरे. शेवटी मी फळ्यावर चित्र काढू लागलो.

फिरत्या चौथऱ्याबाहेर एक खांब, त्याला आडवा हात. हाताच्या टोकाशी एक कडी डोकावते. ती ओढली की मागची पुढे सरकते. बहुतेक कड्या लोखंडी, एखादी पितळी. पितळी मिळाली की पुढची फेरी फुकट. तिथवर हात पोचायचा तो बाहेरच्या रांगेतूनच, आणि त्या रांगेतले घोडे पुष्कळदा वरखाली न होणारे, जागच्या जागी ठोकलेले. म्हणजे कंटाळवाण्या घोड्यांनाही गिऱ्हाईक मिळालं! समीक्षकांना त्या कडीत निरागसता दिसते. मला आधी जत्रेतला धंदेवाला दिसतो. तोल जाईल इतकं झुकावं लागणं हा त्याच्या खेळाचाच भाग. सॅलिंजरने फक्त समोर एक भाऊ बसवला, बहीण पडेल म्हणून धास्तावलेला आणि तरी तोंड न उघडणारा.

हा प्रसंग घडतो न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात. तिथलं पहिलं मेरी-गो-राउंड 1871 चं. वर लाकडी घोडे, आणि ते फिरवायला तळघरात जुंपलेलं खरं जनावर. फिबी नेमकी कोणत्या मेरी-गो-राउंडवर बसली हे कळायला आधी गोष्टीचं वर्ष काढावं लागतं. होल्डनचा भाऊ अ‍ॅली जुलै 1946 मध्ये गेला तेव्हा होल्डन 13 वर्षांचा होता. गोष्ट सोळाव्या वर्षातली, म्हणजे हिशेबाने डिसेंबर 1949 ची. त्या वेळचं मेरी-गो-राउंड 1950 मध्ये आगीत जळालं. कादंबरी आली जुलै 1951 मध्ये. त्याच वर्षी तिथे दुसरं बसवलं गेलं: स्टाइन आणि गोल्डस्टाइन या ब्रुकलिनच्या कारागिरांनी 1908 मध्ये घडवलेलं, कोनी आयलंडच्या जुन्या ट्राम-आगारात धूळ खात पडलेलं. त्याचे 57 घोडे देखणे आहेत, पण फिबीचा तो थोराड, तपकिरी, झिजका घोडा त्यांत शोधू नये.

कड्यांची प्रथा पुढे बहुतेक ठिकाणी बंद पडली. मालकांना अपघाताचा आणि विम्याचा धसका, शिवाय पोरं कड्या खिशात घालून पसार होत. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला (आपल्या पश्चिम रेल्वेवरच्या नव्हे) 1911 च्या मेरी-गो-राउंडवर ती अजून चालू आहे. तिथे पकडलेली कडी समोरच्या रंगीत विदूषकाच्या तोंडात फेकायची असते. नेम बसला की दिवे लागतात आणि घंटा वाजते.