एक्स-आउट चेंडू

एक्स-आउट चेंडू हा गोल्फच्या चेंडूंचा एक स्वस्त वर्ग आहे. रंग, छपाई किंवा झिलई यांत काही उणीव राहिल्यामुळे उत्पादक जो नवा चेंडू पहिल्या प्रतीचा म्हणून विकण्यास तयार नसतो, त्याच्यावरील कंपनीच्या नावावर किंवा वाणाच्या नावावर फुल्यांची ओळ छापली जाते आणि तो कमी किमतीत बाजारात येतो. इंग्रजी ‘एक्स’ या अक्षराचा आकार मराठी फुलीसारखाच असल्याने ‘फुली मारलेला चेंडू’ हे त्याचे अगदी शब्दशः वर्णन ठरते. हौशी आणि नवशिक्या खेळाडूंत हे चेंडू लोकप्रिय आहेत. स्पर्धेत मात्र त्यांच्या वापराला मर्यादा आहेत आणि ती मर्यादा ठाऊक नसल्यास खेळाडू स्पर्धेतून बाद होऊ शकतो.

एक्स-आउट, नूतनीकरण केलेला चेंडू आणि वापरलेला चेंडू हे तीन वेगळे प्रकार आहेत. विक्रेते आणि ग्राहक दोघेही त्यांची वारंवार सरमिसळ करतात. एक्स-आउट चेंडू कोरा असतो, त्याला कोणीही फटका मारलेला नसतो. वापरलेला चेंडू बहुधा झाडीतून किंवा मैदानावरील तळ्यांतून काढून, धुऊन विकला जातो. अशा जुन्या चेंडूवरचा रंग काढून त्याला नवा रंग चढवला आणि नव्याने छपाई केली की तो नूतनीकरण केलेला चेंडू होतो. बाहेरून सर्वांत देखणा बहुधा हाच दिसतो, पण त्याच्या पोटात काय आहे हे सांगणे सर्वांत अवघडही त्याच्याच बाबतीत असते.

निर्मिती आणि दोष

आधुनिक चेंडूचा गाभा मुख्यतः पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराचा असतो. त्यावर एक किंवा अधिक मधले थर आणि सर्वांत बाहेर आयोनोमर किंवा युरेथेनचे कवच असते. कवच दोन अर्ध्या साच्यांत घडवले जात असल्याने मध्यावर सांध्याची रेघ उरते, ती घासून काढतात. त्यानंतर चेंडू रंगवला जातो, त्यावर नाव व क्रमांक छापले जातात आणि शेवटी पारदर्शक लेप दिला जातो. बहुतेक एक्स-आउट चेंडू या शेवटच्या टप्प्यांत जन्म घेतात. नाव तिरके उमटणे, शाई पसरणे, पांढऱ्या रंगाची छटा किंचित पिवळट येणे, लेपात धुळीचा कण अडकणे, सांध्याची रेघ पुरती न पुसली जाणे ही त्यांची नेहमीची कारणे होत. यांतील काही दोष इतके बारीक असतात की हातात घेऊन निरखूनही ग्राहकाला ते सापडत नाहीत.

‘दोष केवळ दिसण्यापुरता आहे’ हे विक्रेत्यांचे वाक्य बहुतेक वेळा खरे असले तरी ते नेहमीच खरे मानता येत नाही. चेंडूच्या पृष्ठभागावर साधारण ३०० ते ५०० खळगे असतात आणि त्याचे हवेतील उड्डाण त्या खळग्यांच्या आकारावर व खोलीवर अवलंबून असते. रंग खळग्यांत साचला तर दोष रंगाचा असूनही परिणाम उड्डाणावर होऊ शकतो. शिवाय फुली पाहून ती शाईच्या डागासाठी मारली आहे की दाब-चाचणीत चेंडू अपेक्षेपेक्षा मऊ किंवा कडक ठरला म्हणून मारली आहे, हे ग्राहकाला कळत नाही. कारण उत्पादकाकडेच राहते.

इतिहासातील एक विसंगती

पृष्ठभागावरील खोट म्हणजे कमी प्रत, हे समीकरण गोल्फच्या इतिहासात एकदा पूर्ण उलटले आहे. कातड्यात पिसे ठासून शिवलेल्या महागड्या चेंडूंची जागा १८४८ च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनवलेल्या चेंडूंनी घेतली. आरंभी हे चेंडू गुळगुळीत असत. नवा गुळगुळीत चेंडू हवेत लवकर खाली येतो आणि खेळून ओरखडे व खाचा पडलेला चेंडू अधिक स्थिर व दूर जातो, असे खेळाडूंच्या लक्षात आले. मग कारागीर नव्या चेंडूंवर मुद्दाम हातोडीने खाचा पाडू लागले. पुढे साच्यातूनच उंचवटे उठवले जाऊ लागले आणि इंग्लंडमधील विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये खळग्यांच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला. आज ज्या खळग्यांची सुबकता पाहून चेंडूची प्रत ठरते, त्यांचा उगम असा ओरखड्यांत आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतील अ‍ॅकुशनेट कंपनीचे आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी कंपनीचे संस्थापक फिल यंग यांनी गोल्फ चेंडूंची क्ष-किरण छायाचित्रे काढविली, तेव्हा बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या चेंडूंचे गाभे मध्यभागी नसल्याचे आढळले. त्यातून १९३५ मध्ये ‘टायटलिस्ट’ हा चेंडू बाजारात आला. डोळ्यांना दिसणारा दोष आणि खेळाला बाधक ठरणारा दोष यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही, हे या दोन्ही घटनांतून दिसते.

नियम

गोल्फचे नियम स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील आर अँड ए आणि अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या दोन संस्था संयुक्तपणे ठरवतात. भारतात ते १९५५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन गोल्फ युनियनमार्फत लागू होतात. नियमानुसार चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. आरंभीचा वेग व एकूण अंतर यांनाही मर्यादा आहेत.

एखादा एक्स-आउट किंवा नूतनीकरण केलेला चेंडू या अटींत बसत नाही असा सबळ पुरावा नसेल, तर तो खेळण्यास योग्य मानला जातो. मित्रांबरोबरच्या खेळात आणि साध्या क्लब स्पर्धांत तो त्यामुळेच चालतो. परंतु दोन्ही संस्था मान्यताप्राप्त चेंडूंची एक यादी प्रसिद्ध करतात व ती दरमहा अद्ययावत होते. स्पर्धेच्या समितीने ‘केवळ यादीतील चेंडू’ असा स्थानिक नियम (आदर्श नियम जी-३) लागू केला असेल, तर एक्स-आउट चेंडू वापरता येत नाही. त्याच वाणाचा बिनफुलीचा चेंडू यादीत असला तरीही ही मनाई कायम राहते. यादीत चेंडूची ओळख त्याच्यावरील खुणांवरून नोंदवलेली असते आणि फुल्यांनी ती खूणच बदललेली असते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. अशा चेंडूने एक फटका जरी मारला तरी शिक्षा दंडाच्या फटक्यांची नाही, थेट स्पर्धेतून बाद होण्याची आहे. काही उत्पादक फुल्यांऐवजी ‘प्रॅक्टिस’ असा शिक्का मारतात. स्पर्धेत असा चेंडू काढण्यापूर्वी समितीला विचारणेच इष्ट.

खेळ चालू असताना रंगाच्या दोषाला नियम फारशी किंमत देत नाहीत. चेंडू चिरला किंवा त्याला तडा गेला तर त्याच होलवर तो बदलता येतो, पण नुसता ओरखडा पडला, रंग उडाला किंवा डाग लागला तर बदलता येत नाही.

पारख

खोक्यावर ‘एक्स-आउट’ असा स्पष्ट उल्लेख आहे का, सर्व चेंडू एकाच वाणाचे आहेत का, आणि फुल्यांखालचे मूळ नाव वाचता येते का, एवढे खरेदीपूर्वी पाहिले जाते. मिश्र खोक्यातील चेंडू प्रत्येक वेळी निराळे वागत असल्याने, ज्याला आपल्या फटक्याची लांबी अजमावायची आहे त्याला ते सोयीचे नसतात.

गाभा मध्यभागी आहे की नाही हे घरी तपासण्याची एक जुनी युक्ती मिठाच्या पाण्याची आहे. नियमातील मर्यादेवरच्या चेंडूची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.१३ ग्रॅम भरते. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ असल्याने चेंडू समुद्रात बुडतो, मात्र विरघळणे थांबेपर्यंत मीठ घातलेल्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते आणि त्यात तो तरंगतो. तरंगणाऱ्या चेंडूच्या माथ्यावर ठिपका करून तो पुनःपुन्हा फिरवावा. ठिपका दर वेळी झटकन वर येत असेल तर एक बाजू जड आहे. ठिपका कोठेही थांबत असेल तर चेंडू समतोल आहे. रंगाच्या दोषाचा या चाचणीशी काही संबंध नाही, आणि पहिल्या प्रतीचे चेंडूही तिच्यात क्वचित नापास होतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

दोष सांगून स्वस्त विकण्याची रीत मराठी ग्राहकाला परकी नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांचे ‘सेकंड’ कापड गिरणगावातील पिढ्यांनी वापरले आणि हापूसच्या बाजारात ‘डागी’ फळाचा भाव वेगळा असतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वटारसारख्या बागायती गावांतही सालीवर डाग असलेले केळे आणि आत मार लागलेले केळे यांतला फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. एक्स-आउट चेंडूबाबत नेमका हाच फरक ग्राहकाला पाहता येत नाही, ही त्याची अडचण आहे.

राज्यात गोल्फ जुना आहे. मुंबईत या खेळाचा क्लब १८४२ मध्येच निघाला होता. विलिंग्डन क्लब (१९१८), पुणे गोल्फ क्लब (१९१९) आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (१९२७) आजही चालू आहेत. खारघर येथे सिडकोने सर्वांसाठी खुले मैदान उभारले आहे. तरीही साहित्याच्या किमतीमुळे खेळ मर्यादित वर्गापुरता राहिला. चेंबूरच्या मैदानाजवळील वस्त्यांत राहणाऱ्या कॅडींनी या अडचणीवर स्वतःचा मार्ग काढला. वाकवलेल्या लोखंडी सळयांच्या काठ्या आणि प्लॅस्टिकचे चेंडू घेऊन ते गल्लीबोळांत गोल्फ खेळू लागले. ‘स्लम गोल्फ’ या नावाने देशोदेशीच्या वार्ताहरांनी या खेळाची दखल घेतली. अशा खेळाडूंच्या दृष्टीने फुली मारलेला चेंडूदेखील चैनीचा ठरतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तू विशिष्ट दर्जाची किंवा प्रतीची असल्याचे खोटे भासवणे, तसेच जुनी, वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. फुलीसह व तसे सांगून विकलेला चेंडू या व्याख्येत येत नाही. तळ्यातून काढून रंगवलेला चेंडू नवा म्हणून विकला, तर तो येतो.