तळटीप : ‘छातीत मर्मर’

१४. लेखकाने मर्मर नेमकी कधी ऐकू आली हे लिहिलेले नाही. निदान तर त्यावरच ठरते. ‘लब’ म्हणजे हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्याचा आवाज, ‘डब’ म्हणजे महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या तोंडच्या झडपा मिटल्याचा. स्टेथोस्कोप छातीवर असतानाच मानेतल्या नाडीवर बोट ठेवावे. ठोक्याच्या जोडीने येतो तो ‘लब’. संधिवाती तापाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेची घरघर ‘डब’नंतर येते, आणि रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून बेल हलकेच टेकवली नाही तर ती सहज निसटते.

खानदेशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. यावल, चोपडा, शिरपूर या सातपुड्यालगतच्या तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आढळतो. रक्त कमी असले की धडधाकट झडपांतूनही ‘लब’नंतर मऊ मर्मर उमटते. तेव्हा पोराला हृदयरोगी ठरवण्याआधी पापणी खाली ओढून पाहावी, हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करावी. ‘डब’नंतरची मर्मर मात्र रक्तक्षयाच्या खात्यावर टाकू नये, अशा रुग्णाला धुळ्याला किंवा जळगावला पाठवून इको करून घ्यावाच. — संपादक