परदेशी टपालाची सीमाशुल्क तपासणी आणि जप्त साहित्य : मुंबई बंदराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
सीमाशुल्क तपासणीचा मूळ हेतू महसूल हा होय. तथापि वसाहतकाळात याच तपासणीचा उपयोग विचारांच्या आयातीवर नियंत्रण ठेवण्यासाठी करण्यात आला. इंग्लंडहून येणारे टपाल मुंबई बंदरात उतरे व पुण्याकडील थैल्या बोरघाट चढून मावळातून रेल्वेने पुढे जात. त्यामुळे मुंबई हे या नियंत्रणाचे महत्त्वाचे केंद्र ठरले.

कायदेशीर चौकट :
१८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्यातील कलम १९ अन्वये कोणत्याही वर्णनाच्या मालाच्या आयातीस अधिसूचनेद्वारे मनाई करता येत असे. ग्रंथ वा नियतकालिक 'माल' मानले की न्यायालयात राजद्रोह सिद्ध करण्याची गरज उरत नसे. १८९८ च्या टपाल कायद्याने यास जोड दिली. या कायद्यातील दोन कलमांमधील भेद लक्षणीय आहे. कलम २४ नुसार शुल्कपात्र वा मनाई असलेल्या मालाचा संशय आल्यास पत्त्यावरील व्यक्तीस सूचना देऊन तिच्या किंवा तिच्या प्रतिनिधीच्या समक्ष, आणि ती न आल्यास तिच्या अनुपस्थितीत, टपाल उघडले जाई. कलम २६ मध्ये मात्र सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव लेखी आदेशाने टपाल अडविता येई. तेथे अशा सूचनेची तरतूद नव्हती.

प्रत्यक्ष अंमल :
श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' या पत्राच्या आयातीस १९०७ मध्ये बंदी घालण्यात आली. विनायक दामोदर सावरकर यांच्या १८५७ विषयक ग्रंथावर तर १९०९ मध्ये प्रकाशनापूर्वीच बंदी आली. तो हॉलंडमध्ये छापला गेला आणि 'पिकविक पेपर्स'सारख्या निरुपद्रवी ग्रंथांच्या वेष्टनातून भारतात आला. त्याच वर्षी चतुर्भुज अमीन यांनी दुहेरी तळाच्या पेटीतून २० ब्राउनिंग पिस्तुले मुंबईत आणली. त्यांपैकी एकाचा वापर २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे जॅक्सनच्या वधासाठी झाला. शब्दांवर पहारा बसविणारी यंत्रणा शस्त्रे रोखू शकली नाही, ही बाब तिची मर्यादा स्पष्ट करते. ग्रंथावरील बंदी १९४६ मध्ये उठली. म्हणजे सुमारे ३७ वर्षे मराठी वाचक आपल्याच भाषेत प्रथम लिहिल्या गेलेल्या इतिहासापासून अधिकृतरीत्या वंचित राहिला.

निष्कर्ष :
स्वातंत्र्यानंतर १८७८ च्या कायद्याची जागा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने घेतली. त्यातील कलम ११ मध्ये आयातबंदीची प्रयोजने नमूद करण्यात आली. १८९८ च्या टपाल कायद्याच्या जागी २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्यातही टपाल अडविण्याचा व संशयित वस्तू सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे सोपविण्याचा अधिकार कायम आहे. अमली पदार्थ व शस्त्रे रोखण्यासाठी अशी तपासणी आवश्यकच आहे. परंतु मालाची तपासणी आणि मताची तपासणी यांतील सीमारेषा कायद्याच्या शब्दांइतकीच ज्याचे टपाल उघडले जाते त्याला मिळणाऱ्या सूचनेवर अवलंबून असते, हे वसाहतकालीन अनुभवावरून दिसून येते.