सहावीतच दहावीचं गणित? क्लासची फी भरण्याआधी घरीच तपासा

राळेगाव : शाळा उघडायच्या दिवसांत एकीकडे बियाण्याचा खर्च आणि दुसरीकडे मोबाईलवर क्लासच्या जाहिराती, असं दर जूनमध्ये होतं. ‘सहावीपासून फाउंडेशन’, ‘सातवीतच दहावीचं गणित’ अशी त्या जाहिरातींची भाषा. पोरगं हुशार आहे, मागं पडायला नको, म्हणून मायबाप हप्त्यानं का होईना पैसे भरतात. पुढच्या वर्गाचं गणित लवकर सुरू करावं की नाही, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. पण पैसे देण्याआधी काही गोष्टी घरबसल्या तपासता येतात.

आधी दोन कामं वेगळी करा. स्पर्धा परीक्षेची तयारी हे एक काम आणि पुढच्या वर्गाचा अभ्यासक्रम आधीच शिकणं हे दुसरं. क्लासवाले दोन्ही एकाच पत्रकात छापतात, तिथंच गल्लत होते.

पहिलं काम लवकर सुरू करण्यात खरोखर फायदा आहे. पाचवीत असताना नवोदयची प्रवेश परीक्षा देता येते. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला आहे. दोन तासांचा पेपर, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात ५० गुण बुद्धिमत्तेचे, २५ अंकगणिताचे आणि २५ भाषेचे. पेपर मराठीतून देता येतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. फॉर्म ऑनलाइन आणि फुकट भरला जातो.

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा ३०० गुणांची असते. त्यात एकट्या गणिताला १०० आणि बुद्धिमत्ता चाचणीला १०० गुण. काही वर्षं ती पाचवी आणि आठवीला होती. पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय शासनानं २०२५ मध्ये घेतला. त्यामुळं आपल्या पोराला कोणत्या वर्षी बसायचं, ते मुख्याध्यापकांना विचारून घ्या. आठवीत एनएमएमएस आहे. जिल्हा परिषद, नगर परिषद आणि अनुदानित शाळेतल्या, वर्षाला साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला हजार, म्हणजे वर्षाला १२ हजार रुपये. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नाही.

या परीक्षांना पुढच्या वर्गाचं गणित लागत नाही. साधारण आपल्याच वर्गापर्यंतचं गणित फिरवून विचारतात. भागाकार, अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-वेग. ज्याचं हे पक्कं, त्याला इथं संधी आहे.

दुसरं काम म्हणजे सहावी-सातवीत नववी-दहावीचं बीजगणित. इथं घाई नडते. पोरगं ‘(अ + ब) चा वर्ग’ हे सूत्र घडाघडा म्हणून दाखवतं, पाहुणे खूश होतात. मग त्याला ५२ चा वर्ग त्याच सूत्रानं काढ म्हणा. ५० आणि २ असे दोन भाग करून २५०० अधिक २०० अधिक ४, म्हणजे २७०४, हे त्याला सुचलं तर सूत्र समजलं. नाही सुचलं तर ते पाठ केलंय, आणि पाठ केलेलं परीक्षेनंतर उडून जातं.

पाया कच्चा असण्याची अडचण दोन-चार घरांची नाही. देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात पाचवीतल्या साधारण ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. आठवीतही हे प्रमाण निम्म्याच्या आत, ४६ टक्क्यांच्या आसपास होतं. ज्या पोराला भागाकार येत नाही, त्याच्या डोक्यावर समीकरणं ठेवून काय होणार?

घरी तपासायला पुस्तकही लागत नाही. कापूस १२ क्विंटल ४० किलो भरला, भाव समजा सात हजार रुपये क्विंटल, तर पट्टी किती रुपयांची? (८६,८०० रुपये.) सातबाऱ्यावरचं १ हेक्टर २० आर शेत तिघा भावांत सारखं वाटलं तर एकेकाला किती आर? (४० आर.) एका पंपाला ३० मिली औषध आणि पंप लागणार दहा, घरात २५० मिलीची बाटली आहे, पुरेल का? (नाही, ५० मिली कमी पडेल.) पाऊण मोठं की दोन तृतीयांश, हे चित्र काढून दाखव म्हणा. कॅल्क्युलेटर द्यायचा नाही. उत्तर चुकलं तरी रागावू नका, ‘हे कसं काढलंस’ एवढं विचारा. सातवीतलं लेकरू इथं अडखळत असेल तर त्याला फाउंडेशनची नाही, पाचवीच्या पुस्तकाची गरज आहे. त्याला पैसे पडत नाहीत, दररोज अर्धा तास बसावं लागतं.

आणि हेच गणित पुढं कामी येतं. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असतं, तलाठी भरतीतही असतं. तिथले शेकडेवारीचे, सरासरीचे आणि काळ-कामाचे प्रश्न बहुतेक आठवीपर्यंतचेच. डॉक्टर करायचं म्हणून गणिताचा क्लास लावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की नीटमध्ये गणिताचा पेपरच नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असतं. भौतिकशास्त्रात आकडेमोड लागते, तीही पाया पक्का असला तरच जमते. गणिताचा पेपर जेईईला असतो, आणि तो मुख्यतः अकरावी-बारावीवर.

हा वाद फक्त आपल्याकडं नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरानं २०१४ मध्ये सरकारी शाळांतलं आठवीचं बीजगणित नववीवर ढकललं. पालक दहा वर्षं भांडले आणि २०२४ मध्ये ते परत आठवीत आणायचं ठरलं. म्हणजे सगळ्यांना थांबवणंही लोकांना पटलं नाही.

काही लेकरं खरोखर पुढं असतात. वर्गाचं गणित आठ दिवसांत संपवतात आणि मग कंटाळून खोड्या करतात. त्यांना अडवू नये. पण पुढचं पुस्तक देण्याआधी आहे त्याच गणितात खोल जायला द्यावं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी शोधलेला ६१७४ चा खेळ त्यासाठी झकास आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ बरोबर ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतंच. ‘असं का होतं?’ म्हणून जे लेकरू मागं लागेल, त्याला पुढचं गणित शिकवायला हरकत नाही. ती मुलगी असेल तर तिलाही. अनेक घरांत क्लास भावाला आणि वही बहिणीला, असं चालतं.

तरीही क्लास लावायचाच असेल तर नियम माहीत असू द्या. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा. गुणांची किंवा रँकची हमी देऊ नये. पूर्ण फी भरून मूल मधेच निघालं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरसाठी हे आहे, गावातल्या लहान शिकवण्या त्यात येत नाहीत. शाळेतल्या शिक्षकांनी खासगी शिकवणी घेऊ नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ सांगतं. वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्यानं भरा आणि पावती घ्या. महिनाभरानं वरचेच चार प्रश्न पोराला पुन्हा विचारा.