कोणता चाकू घ्यावा? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



मागे पाथर्डी तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे आला. घरात दोन पिढ्यांची ऊसतोड, याला मात्र फळझाडांची रोपवाटिका काढायची आहे. गावात लोक हसतात म्हणे: "कोयत्याची जात, हा चाकू काय धरणार!" त्याने दोन घडीचे चाकू टेबलावर ठेवले. दुकानदाराने बघायला दिलेले. "सर, दोन्ही सारखेच दिसतात. पैसे एकाचेच आहेत. कोणता ठेवू?"

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण प्रश्न आमच्याच घरचा निघाला.

आधी आपल्या जिल्ह्याचं बघू. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेचं पाणी कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूरकडे आलं, तसा ऊस वाढला आणि मोसंबीच्या बागाही उभ्या राहिल्या. पुढे १९६८ साली कृषी विद्यापीठ झालं, त्याचं ठाणंही राहुरीलाच. आता मोसंबीची बाग काही नुसतं बी टाकून करत नाहीत. जंभेरीसारख्या खुंटावर डोळा भरतात. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचा, साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा आणि पट्टीने बांधायचा. साल फाटली की डोळा वाळला, मेहनत गेली.

टेबलावरच्या दोन चाकूंत फरक एवढाच होता. एकाला नुसतं सरळ पातं. ते काडीला तिरका, सपाट काप द्यायला, म्हणजे कलम बांधायला उत्तम. दुसऱ्याला पात्याबरोबर एक छोटी बोथट पट्टी. ती कशाला? साल उचलायला. बंद केले की दोन्ही जुळे भाऊ.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस विचारतो, द्राक्षवेलीची फांदी कट्यारीने कापता येईल की नाही? येईल. चांभाराच्या रापीनेही येईल. पण छाटणीसाठीच केलेल्या सुरीइतकं चांगलं कशानेच होणार नाही. म्हणजे वस्तूचा गुण तिच्या कामात बघायचा, रूपात नव्हे.

पण कधी कधी फरक नसतोच, बरं का. स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवणारे दोन कारखाने होते, आजचे व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर. एक जर्मन बोलणाऱ्या भागातला, दुसरा फ्रेंच. १९०८ साली सरकारने काम दोघांत निम्मं निम्मं वाटलं. एक स्वतःला 'मूळ' म्हणवायचा, दुसरा 'अस्सल'. शेवटी २००५ साली पहिल्याने दुसऱ्याला विकत घेतलं. तिथे 'कोणता चांगला' याचा काथ्याकूट करण्यात अर्थ नव्हता; हाताला बसेल तो घ्यावा आणि कामाला लागावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल. 'पॉलिटिक्स'मध्ये तो म्हणतो की लोहार डेल्फीची सुरी अनेक कामांसाठी एकच करतात, तसा कंजूषपणा निसर्ग करत नाही. तो एका कामाला एक वस्तू देतो. इथवर ठीक. पण हे तो कशासाठी सांगतो? स्त्री आणि गुलाम निसर्गतःच वेगवेगळ्या कामांसाठी आहेत, हे पटवायला! चाकूचा नियम त्याने माणसाला लावला. आपल्याकडेही हेच झालं ना? लोहाराचा मुलगा लोहार, तोडणाऱ्याचा मुलगा तोडणारा. चाकूचं काम तो घडवणाराच ठरवून देतो. माणसाचं काम आधी कुणी ठरवून ठेवलेलं नसतं.

म्हणून आम्ही त्या मुलाला चाकूचं उत्तर देण्याआधी एकच विचारलं, "तू भरणार काय?" तो म्हणाला, "मोसंबी, लिंबू." मग उत्तर त्याचं त्यालाच मिळालं. पट्टीवाला त्याने ठेवला, दुसरा परत केला. जाताना आम्हालाच शिकवून गेला: लिंबूवर्गातले काही रोग पात्यावरून एका झाडाचे दुसऱ्या झाडाला जातात, म्हणून पातं अधूनमधून ब्लीचच्या पाण्यात बुडवून, पुसून घ्यायचं.

हे आम्हाला सत्तरी उलटल्यावर कळलं. गावातल्या हसणाऱ्यांना माहीत असेल का, आम्हाला शंका आहे.