कॅमशाफ्ट-बदल आणि इंजिनाची उष्णता

कॅमशाफ्ट-बदल : मोटरसायकलच्या इंजिनातला मूळ कॅमशाफ्ट काढून वेगळ्या घडणीचा बसवणे. व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, किती उचलायचा आणि केव्हा मिटवायचा हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे, म्हणजे लोब, ठरवतात. हा बदल बहुधा ताकदीसाठी करतात. इंजिन कमी तापावे म्हणून तो करण्याची चर्चा मुख्यतः अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसनच्या ट्विन कॅम इंजिनांभोवती झाली.

१९९९च्या मॉडेलांत ट्विन कॅम ८८ (सुमारे १,४५० सीसी) आले. २००७मध्ये ९६ (१,५८४ सीसी) आणि पुढे १०३ (१,६९० सीसी) ही मोठी इंजिने मिळू लागली. ४५ अंशांच्या कोनात, एकामागे एक असे दोन सिलिंडर आणि मुख्यतः हवेवर होणारे शीतन ही या इंजिनांची रचना. पुढच्या सिलिंडरवरून तापून आलेली हवा मागच्याला मिळते, आणि तो तर चालवणाऱ्याच्या मांड्यांजवळच असतो. शिवाय प्रदूषणाच्या नियमांसाठी संथ चालीत मिश्रण तुलनेने विरळ ठेवले जाते : एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.६ भाग हवा. तक्रारी एवढ्या होत्या, की गाडी उभी असताना तापलेल्या इंजिनाचा मागचा सिलिंडर बंद ठेवण्याची सोय कंपनीने नंतरच्या काही मॉडेलांत दिली.

कॅम निवडताना आधी पाहायचा आकडा म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याचा क्षण. जाहिरातीत लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उचल, ठळक छापतात (एस अँड एस कंपनीच्या ‘५१०’ कॅमचे नावच ०.५१० इंच लिफ्टवरून आहे), पण उष्णतेच्या प्रश्नात तिचे महत्त्व दुय्यम. पिस्टन तळाला जाऊन वर येऊ लागला तरी इनटेक काही अंश उघडाच असतो. तो मिटेपर्यंत खरे दाबणे सुरू होत नाही. ट्विन कॅम ९६चे कागदावरचे कॉम्प्रेशन ९.२ : १. इनटेक तळबिंदूनंतर ३० अंशांनी मिटला, तर भूमितीच्या हिशेबाने प्रत्यक्ष कॉम्प्रेशन सुमारे ८.८ भरते, ४५ अंशांनी मिटला, तर सुमारे ८.३. लवकर मिटणारा कॅम खालच्या फेऱ्यांना चांगला टॉर्क देतो, पण सिलिंडरमधला दाब वाढवतो. उन्हात, चढावर, जड गिअरमध्ये मग नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी, झटक्याने पेटणे, सुरू होते. ते टाळण्यासाठी ठिणगी उशिरा पाडली, की जळणे लांबते आणि एक्झॉस्ट अधिक तापतो. उशिरा मिटणारा कॅम हा दाब सैल करतो. बदल्यात हँडल पिळताच मिळणारा जोर थोडा घटतो. सामान घेऊन जोडीने फिरणाऱ्याला हा तोटा जाणवतो. त्यामुळे मधला, सौम्य कॅम निवडणे शहाणपणाचे. शर्यतीचा कॅम या कामाचा नव्हे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उघडला, तर वायू पुरता प्रसरण पावण्याआधीच, जास्त गरम असताना, बाहेर पडतो आणि सिलिंडर हेडमधला एक्झॉस्ट मार्ग तापवतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, मोठा असेल तर संथ चालीत ताजी हवा थेट एक्झॉस्टमध्ये निसटते. मिश्रणाचा अंदाज देणाऱ्या तिथल्या ऑक्सिजन सेन्सरची मग फसगत होते.

म्हणूनच नव्या कॅमबरोबर इंधन आणि ठिणगीचा नकाशा नव्याने बसवावाच लागतो. अनेकदा उष्णतेत जाणवलेला फरक याच ट्यूनिंगचा असतो आणि श्रेय कॅमला मिळते. केवळ उष्णतेसाठी कॅमपासून सुरुवात करणे हा उलटा क्रम होय. आधी मिश्रण, ठिणगी आणि ऑइल कूलर तपासावेत. सिग्नलला उभ्या गाडीवर वाराच नसतो. ती उणीव कोणताही कॅम भरून काढत नाही.

कामाची जागा इंजिनाच्या उजव्या बाजूला, कॅम-कप्प्यात असते. सुरुवातीच्या इंजिनांत कॅमच्या साखळीचे टेन्शनर झिजत. ते बदलायला कप्पा उघडलाच, तर कॅमही बदलून घेणे सोयीचे ठरे. आतली बेअरिंगे नवी घालावीत आणि व्हॉल्व्हच्या मूळ स्प्रिंगांना नवी लिफ्ट झेपते का ते पाहावे. लांबी जुळवता येणारे पुशरॉड (कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारे दांडे) वापरल्यास वरचे रॉकर बॉक्स उघडावे लागत नाहीत.

ट्यूनिंगला कायद्याची बाजूही आहे. प्रदूषणाची मर्यादा ओलांडू देणारी ट्यूनिंग-उपकरणे विकल्याच्या प्रकरणात हार्ले-डेव्हिडसनने २०१६मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करून १ कोटी २० लाख डॉलरचा दंड मान्य केला. भारतात या गाड्यांची अधिकृत विक्री २०१०मध्ये सुरू झाली. इथे मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ने वाहनातील फेरफारांवर मर्यादा घातल्या आहेत.

२०१७च्या मॉडेलांपासून ट्विन कॅमच्या जागी आलेल्या मिलवॉकी-एट इंजिनात दोनऐवजी एकच कॅमशाफ्ट आहे. त्यात प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असून सिलिंडर हेडच्या तापणाऱ्या भागाभोवती ऑइल किंवा कूलंट फिरवले जाते.