कडी नसलेले दार

मराठीत ‘दार’ संस्कृतातून आले आणि ‘दरवाजा’ फारसीतून. दोघेही एकाच उंबरठ्यावर शेकडो वर्षे सुखाने नांदत आहेत. दाराला कडी हवी, याबद्दल मात्र कोणत्याच भाषेत दुमत नव्हते. ते उभे केले कॅलिफोर्नियातल्या काही कारागिरांनी, आणि तेही मोटारीच्या दाराबाबत. कवितेच्या माणसाला मोटारीत कसला रस, असे श्रोते विचारतील. मला रस आहे तो वगळण्यात. कवितेतही निम्मे काम खोडण्याचेच असते.

तयार गाडी घ्यायची आणि आपल्या मनाजोगती घडवायची, याला तिकडे ‘कस्टम’ गाडी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच सॅक्रामेंटोमध्ये हॅरी वेस्टरगार्ड हे काम करीत होते. ग्रीक वंशाचे जॉर्ज बॅरिस त्यांच्या हाताखाली शिकले. युद्धानंतर जॉर्ज आणि त्यांचे भाऊ सॅम यांनी लॉस एंजेलिस परिसरात स्वतःचे दुकान थाटले. पुढे १९६६ साली दूरदर्शन मालिकेतल्या बॅटमॅनसाठी गाडी घडवणारे ते हेच जॉर्ज बॅरिस.

या कारागिरांची पद्धत सुताराच्या रंध्यासारखी होती. बॉनेटवरचे चिन्ह काढ, चकचकीत पट्ट्या काढ, मग दाराची हँडलेही काढ. हँडल निघाले की उरलेल्या भोकावर पत्रा बसवून वेल्डिंग करायचे. वितळलेले शिसे लाकडी पट्टीने त्यावर पसरायचे आणि कानशीने घासून सारखे करायचे. शेवटी सांधा कुठे होता, हे बोटालाही कळू नये. या शिशावरूनच अशा गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, हे नाव पडले.

आता दार उघडायचे कसे? त्याचे उत्तर शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याच्या पोकळीत लोखंडी दांडा. वीज सोडली की वेटोळ्याचे चुंबक होते आणि दांडा आत खेचला जातो. दांड्याला जोडलेली तार दाराचा खटका ओढते. याला सोलेनॉइड म्हणतात. पण खटका सुटला तरी दार जागचे हलत नाही, आणि ओढायला तर काहीच नाही. म्हणून चौकटीत एक स्प्रिंग बसवतात. ती दाराला चार बोटे बाहेर ढकलते. सुरुवातीला वीज सोडणारे बटण गाडीच्या अंगावरच कुठेतरी दडवलेले असे. पुढे चोरीचा इशारा देणारे अलार्म आले आणि त्यांच्या रिमोटवर हे काम सोपवले गेले. सोलेनॉइडला वीज भरपूर लागते, रिमोटची यंत्रणा नाजूक. म्हणून मध्ये रिले आणि फ्यूज घालावे लागतात.

या घराण्यातली सर्वांत नावाजलेली गाडी म्हणजे ‘हिरोहाटा मर्क’. १९५१ ची मर्क्युरी गाडी बॉब हिरोहाटा या जपानी वंशाच्या तरुणाने १९५२ साली बॅरिस बंधूंकडे दिली. छप्पर खाली आले, रंग फिकट हिरवा झाला, हँडले गेली. १९५३ साली बॉबने ती लॉस एंजेलिसहून इंडियानापोलिसपर्यंत, तीन हजार किलोमीटरहून जास्त, स्वतः चालवत नेली. त्याच किनाऱ्यावर १९४२ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकुमाने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडले गेले होते. ज्या समाजाच्या दारांना बाहेरून कुलुपे लागली, त्यातला एक तरुण दहा वर्षांनी आपल्या दाराची कळ आपल्याच हाती ठेवून देशभर फिरत होता. मला या गाडीत शिशापेक्षा हे अधिक दिसते. २०१७ साली तिची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांत नोंद झाली. २०२२ साली लिलावात तिला वीस लाख डॉलरच्या आसपास किंमत आली.

पण या कारागिरांचा एक नियम फोटोत दिसत नाही. बॅटरी कधीतरी उतरणारच, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून जाणता कारागीर दाराच्या खटक्याला आणखी एक साधी तार बांधतो आणि तिचे टोक गाडीखाली दडवून ठेवतो. वीज गेली तर खाली हात घालून ओढायचे. रूप कितीही गुळगुळीत असो, दार उघडलेच पाहिजे.

मोठ्या कंपन्यांनी रूप घेतले, तार मात्र प्रत्येक वेळी घेतली नाही. २०१२ पासून टेस्लाने दारात लपणारी हँडले रूढ केली. आपल्याकडेही २०२१ साली आलेल्या महिंद्राच्या ‘एक्सयूव्ही ७००’ची हँडले दारात मिसळून गेलेली आहेत, आणि ती गाडी आपल्या चाकणला बनत असे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने सप्टेंबर २०२५ मध्ये टेस्लाच्या २०२१ च्या ‘मॉडेल वाय’ प्रकारच्या सुमारे १ लाख ७४ हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. वीज कमी पडल्याने बाहेरून दार उघडेना, मूल आत अडकलेले, आणि काही आईबापांना काच फोडावी लागली, अशा त्या तक्रारी होत्या. चीनने तर २०२६ च्या आरंभी नियमच केला: २०२७ पासून नव्या गाड्यांची दारे आतून आणि बाहेरून, विजेवाचूनही उघडली पाहिजेत.

दोन्हींत फरक आहे. बॅरिस बंधूंच्या गाडीची युक्ती तिच्या मालकाला माहीत होती. ती एका माणसासाठी घडवलेली गाडी होती. लाखांनी विकल्या जाणाऱ्या गाडीजवळ मात्र अपघाताच्या वेळी धावून येतो तो अनोळखी माणूस. त्याला ना बटण ठाऊक, ना तार. अंधारात, धुरात त्याचा हात कडीच शोधणार. बाहेरची कडी मालकाच्या सोयीइतकीच त्या परक्या हातासाठी असते. खोडायला माझी हरकत नाही; मी रोज खोडतो. पण ओळ इतकी घासू नये की वाचणाऱ्याला आत शिरायला वाटच उरू नये. कवितेत तसे झाले तर वाचक पान उलटतो. गाडीत तसे झाले तर आत माणूस असतो.